वच्छलाबाईंचे चोवीस ट्रॅक्टर

सहा मे दोन हजार चोवीस, सोमवार. रुपये एक हजार तीनशे वीस. चोवीस ट्रॅक्टर, नगाला पंचावन्न. ही रक्कम त्या दिवशी वच्छलाबाई मेहरे यांना मिळायची होती. पाकिटावर त्यांचे नाव घालून झाले होते. मी ते पाकीट पुन्हा कपाटात ठेवले आणि ट्रॅक्टरांच्या खोक्यावर चिठ्ठी लावली : 'रंगकाम असमाधानकारक. पट्टे.' खाली सही केली. सही माझी होती, म्हणून वच्छलाबाईंविषयी लिहिण्याचे कामही माझ्याकडेच यायला हवे असे मला वाटते.

हे ट्रॅक्टर वीतभरही लांब नसतात. माझा भाचा मनोज अकोल्यात जठारपेठेतल्या एका बोळात अशी छोटी मॉडेले करतो. बैलजोडी, पेरणीची तिफण, फवारणीचा पंप, मळणीयंत्र, ट्रॅक्टर. शाळा, शेतकी प्रदर्शने आणि ट्रॅक्टर विकणारे दुकानदार ही त्याची गिऱ्हाइके. माल साच्यातून निघतो, पण रंग हातानेच द्यावा लागतो. फवाऱ्याने दिला तर बारीक कडा बुजतात आणि अर्धा रंग हवेत जातो. हाताने दिला तर कुंचल्याच्या रेघा दिसतात. रेघ न दिसता हाताने रंग देणे हीच या धंद्यातली कमाई. मनोजकडे चार मुले आली आणि गेली, कारण कोणाच्याही हातून ती रेघ जात नव्हती. मग वच्छलाबाई आल्या.

मी अमरावतीच्या एका पतसंस्थेत लेखापाल आहे. येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. घर अकोल्यात, त्यामुळे रोज बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने ये-जा. मनोजच्या दुकानाचा हिशेब मी रविवारी लिहितो आणि जाता-येता त्याची खोकी पोचवतो. माझा या गोष्टीतला भाग इतकाच असायला हवा होता.

वच्छलाबाईंचे माहेर धामणगाव रेल्वे. वडील स्टेशनबाहेर फुले विकत. गाडी तीन मिनिटे थांबे, तेवढ्यात हार खिडकीपर्यंत पोचला पाहिजे, म्हणून घरातली सगळी मुले हार ओवायला बसत. आठव्या वर्षी त्यांच्या हातात सुई आली. लग्न होऊन त्या भातकुलीच्या अलीकडच्या एका गावात आल्या. सासरी अडीच एकर भाजीपाला. नवरा गोवर्धनभाऊ वावर पाहणार आणि दोघी जावा माल अमरावतीच्या इतवारा बाजारात नेणार, अशी वाटणी. मोठी जाऊ गंगूबाई ओरडणार, वच्छलाबाई मांडणार. गंगूबाईंच्या आवाजाला गिऱ्हाईक थांबायचे आणि वच्छलाबाईंच्या ढिगावर वाकायचे, कारण त्या ढिगात सगळ्या वांग्यांचे देठ एका बाजूला असत. अठ्ठावीस वर्षे हे चालले.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये बाजारातून परतताना त्यांची ॲपे रिक्षा वळणावर कलंडली. बाकी सगळे खरचटण्यावर सुटले, वच्छलाबाईंचा उजवा गुडघा मोडला. आत धातूची पट्टी बसवली. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या : डोक्यावर ओझे नाही, आणि खाली मांडी घालून किंवा उकिडवे बसणे नाही. भाजी विकणाऱ्या बाईचे याहून दुसरे काम काय असते?

उपचारासाठी त्या अकोल्यात मुलीकडे, वर्षालीकडे आल्या. वर्षालीचे घर मनोजच्या दुकानामागेच. वेळ जावा म्हणून काठी टेकत दुकानात येऊन बसू लागल्या. नोव्हेंबरात एक दिवस म्हणाल्या, "मनोजभाऊ, तो पोट्टा घासून राहिला, रंगवून नाई राहिला. मले द्या बरं एक."

पहिला महिना त्यांचेही ट्रॅक्टर वाईटच निघाले. दुसऱ्या महिन्यात बरे. जानेवारीत मनोजने जुना वासाचा रंग बंद करून पाण्यात मिसळणारा रंग आणला, कारण शाळांना वास नको होता. तो रंग भराभर वाळतो आणि चूक लपवू देत नाही. तिथे वच्छलाबाईंचा हात बसला. मार्चमध्ये मनोजने त्यांचा एक ट्रॅक्टर फळीवर ठेवला आणि बाकीच्यांना सांगितले, "असा पाहिजे. साच्यातून रंगीतच निघाला असं वाटलं पाहिजे."

पण वच्छलाबाईंचा जीव घराकडे होता. लेकीच्या घरी किती दिवस राहायचे, हा त्यांच्या मनातला सल. गोवर्धनभाऊ भेटायला आले की फक्त चहा घेत, ताटावर बसत नसत. मुलीच्या घरचे अन्न खायचे नाही, हा त्यांच्या घरचा जुना नेम. आजारपणात वच्छलाबाईंनी तो मोडला होता, पण बरे झाल्यावर एकेक घास त्यांना जड जाऊ लागला. वर्षालीने मनोजला सांगितले की आई ताटात मुद्दाम कमी वाढून घेते.

तेव्हा मनोजने तोड काढली. एप्रिलमध्ये त्यांना साठ ट्रॅक्टरांची ऑर्डर घरी दिली. आधी चोवीस करून पाठवायचे. ते जमले तर कायम घरूनच काम, महिन्याला साठ नग. नाही जमले तर काम हवे असल्यास अकोल्याला यायचे. म्हणजे पुन्हा लेकीच्या दारात.

वच्छलाबाई गावी गेल्या. चोवीस ट्रॅक्टर रंगवून गंगूबाईंच्या हाती इतवाऱ्यात आले, तिथून माझ्या हाती, आणि सहा मेच्या संध्याकाळी दुकानात. मनोजने एक उचलून ट्यूबलाइटखाली धरला आणि तसाच माझ्यापुढे केला.

"पाहा मामा. झेब्रा करून पाठवला."

गर्द निळ्या बॉनेटवर पांढुरके पट्टे होते. कुठे रेघ, कुठे वाळलेल्या थेंबासारखी कड. मडगार्डच्या खोलगट भागात तर पिठी भुरभुरल्यासारखे दिसत होते. चोवीसही तसेच.

"इथं तर आरशासारखं करत होती," मनोज म्हणाला. "घरी काय झालं हिला?"

उत्तर मी शोधले, माझ्या पद्धतीने. ट्रॅक्टरांसोबत परत आलेली, अर्धवट वापरलेली रंगाची बाटली मोजली. दुकानातल्या सरासरीने चोवीस नगांना साठ मिलिलिटर रंग लागतो. इथे अडतीसच गेला होता. मी मनोजला सांगितले की बाईंनी रंगात वाजवीपेक्षा जास्त पाणी घातले आहे, रंग वाचवला आहे. साठा-वहीत शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहिलेही : 'रंग वाचवल्याचा संशय.' आकडे बरोबर होते. आयुष्यभर माझे आकडे बरोबरच आले आहेत.

मग फोन लावला.

"वच्छलाबाई, रंगात पाणी किती घालता?"

"मनोजभाऊनं सांगतलं तेवढं. दुधावानी पातळ."

"मग पट्टे कसे आले?"

"मले बी दिसले न, साहेब. म्हनून तिसरा हात देल्ला. मंग चौथा देल्ला. जेवढे हात देल्ले तेवढे पट्टे वाढले."

या एका वाक्यात सगळे होते. मी ते ऐकले आणि सोडून दिले.

"रंग वाचवू नका," मी म्हणालो.

"रंग वाचवून काय करू, साहेब? डोक्याले लावू?"

पुढच्या रविवारी, बारा मे रोजी, मी त्यांच्या गावी गेलो. उरलेले छत्तीस कोरे ट्रॅक्टर, रंगाच्या बाटल्या आणि कुंचले मोजून परत आणायचे, असे मनोजने सांगितले होते. सदोष चोवीसही मी पिशवीत घेतले होते. दाखवून समजावून सांगावे, उगाच मागून बोलू नये, एवढे तरी माझ्या लक्षात आले होते.

बडनेऱ्याहून दोन रिक्षा बदलून पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि रस्त्यावर माणूस नव्हते. पत्र्याच्या सपरात गंगूबाई दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची वांगी धूत होत्या. आत दाराशी कूलर. त्याच्या गवताच्या जाळीवर पांढरा थर चढला होता. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, पण खालचे पाणी खारट. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचे पाणी नळाचे, तेही आठ-नऊ दिवसांनी येते, आणि तोवर माठ, कळशा, पिंप असे भरून झाकून ठेवतात. त्या पाण्याला इकडे गोडे पाणी म्हणतात.

गंगूबाईंनी मला पेला दिला. "प्या, साहेब. गोडं आहे. परवा नळ आहे म्हनते. आला तं आला."

वच्छलाबाई दाराजवळ खुर्चीवर बसल्या होत्या. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकलेली, हेच त्यांचे टेबल. फळीवर एका ताटलीत ओले फडके घडी करून ठेवलेले, त्यावर फरसाणाच्या दुकानातला तेलकट कागद आणि त्यावर रंगाचा ठिपका. मी विचारले, हे काय?

"उन्हात रंग कुंचल्यावरच वाळते न. फुलाच्या पुड्याले आमी ओलं फडकं लावतो तसं लावलं. अर्धा दिस ताजा राहते."

ते मला पटले नाही असे नाही, पण मी मोजायला आलो होतो. छत्तीस कोरे नग मोजले. त्यांनी स्वतःच कुंचले धुऊन, टोके ओठांनी टोकदार करून कागदात गुंडाळले. खोके बांधताना म्हणाल्या, "वर्षालीचा फोन आल्ता. ये म्हनते, खोली रिकामी आहे. जावईबी म्हनते. चांगले लोकं आहेत, म्हनूनच त्रास होते. वाईट असते तं भांडून तरी आली असती."

मी पिशवीतला एक ट्रॅक्टर काढून त्यांच्यापुढे ठेवला. दारातल्या उजेडात पट्टे दुकानापेक्षाही जास्त दिसत होते.

"हात तर तुमचाच आहे ना?" मी विचारले. प्रश्न विचारला तेव्हाच तो चुकीचा आहे हे कळले.

"माहाच आहे. दुसऱ्याचा कोठून आनू?"

तेवढ्यात सपरातून गंगूबाईंचा आवाज आला. "वच्छले, हात रिकामे झाले असन तं वांगे पुसून घे वो. वाळून पांढरे दिसून राहिले. उद्या गिऱ्हाईक म्हनन, औषध मारेल माल आनला."

त्यांनी वांग्यांची पाटी आणून फळीवर ठेवली. वर पाण्याची वाटी आणि धुडके. बोअरच्या पाण्याने धुतलेली वांगी उन्हात वाळली की त्यांच्यावर पांढरे डाग उमटतात. मग गोड्या पाण्यात धुडके जेमतेम भिजवून एकेक वांगे पुसायचे. गोड्या पाण्याने वांगी धुणे कोणाला परवडत नाही, पुसणे परवडते. या गावच्या बायका वर्षानुवर्षे असेच करत आल्या आहेत.

वच्छलाबाईंनी एक वांगे पुसले. दुसरे हातात घेतले आणि थांबल्या. काळ्या-जांभळ्या सालीवर पांढुरकी रेघ होती, खाली वाळलेल्या थेंबाची कड. त्यांनी ते वांगे ट्रॅक्टरच्या बॉनेटशेजारी धरले. वांग्याकडे पाहिले, बॉनेटकडे पाहिले. मग ट्रॅक्टर तोंडाजवळ नेला आणि जिभेचे टोक त्याच्यावर टेकवले.

"साहेब, चाटून पाहा."

"काय?"

"टॅक्टर."

गंगूबाई हात पुसत आत आल्या. "आता पाहुन्याले टॅक्टर खाऊ घालतं का वो?"

तेहतीस वर्षांच्या नोकरीत नोटा मोजताना मी बोटाला थुंकीसुद्धा लावलेली नाही. त्यासाठी टेबलावर ओला स्पंज असतो. पण वच्छलाबाईंचा हात पुढे आलेला होता आणि तो मागे जाईना. मी ट्रॅक्टर घेतला आणि बॉनेटला जीभ लावली.

खारट होता. फार नाही, पापडाची लाटी तोंडात टाकल्यावर लागते तेवढा.

"बोअरचं पानी," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी बोअरच्या पान्यात रंग कालवला, साहेब. अकोल्यात तुमच्याइथं कॅनचं पानी होतं."

"इथं का नाही घेतलं चांगलं पाणी?"

दोघी जावांनी माझ्याकडे सारख्याच नजरेने पाहिले.

"प्याचं पानी रंगात कोन घालन?" वच्छलाबाई म्हणाल्या.

खरेच होते. ज्या घरात पाहुण्याचा पेला अर्धा राहिला तर ते पाणी माठाखालच्या तुळशीला जाते, त्या घरात गोड्या पाण्यात कुंचला बुडवणे कोणाच्या मनातही येणार नाही. आणि त्यांनी जितके नेटके काम केले तितके ते बिघडले. रंग जाड लावला असता तर पाणी कमी लागले असते आणि मीठही कमी आले असते. त्यांनी शिकवल्याप्रमाणे पातळ हात दिले. पट्टा दिसला म्हणून आणखी एक पातळ हात, म्हणजे आणखी थोडे खारे पाणी. रंग कमी लागला तोही याच कारणाने. पातळ हातांना रंग कमी लागतो, आणि माझी सरासरी दुकानातल्या सगळ्यांची होती, जाड हात देणाऱ्या मुलांचीही. माझ्या अडतीस मिलिलिटरचा जमाखर्च तिथे जुळला.

वच्छलाबाईंनी बांधलेले खोके सोडले. "जाऊबाई, एक वाटी गोडं पानी द्या."

"माठ तळाले लागला, वच्छले."

"वाटीभर."

"पाहुन्याले पाजाचं पानी टॅक्टरले पाजून राहिली," असे म्हणत गंगूबाईंनी वाटी भरून आणली. ती त्यांनी दोन्ही हातांनी आणली, हे मी पाहिले.

दोन कोरे ट्रॅक्टर फळीवर ठेवले. एकाला बोअरच्या पाण्यात कालवलेला रंग, दुसऱ्याला गोड्या पाण्यातला. बाकी सगळे तेच : तोच कुंचला, तोच हात. गोड्या पाण्यातला रंग देण्याआधी कुंचलाही त्यांनी गोड्या पाण्यातच खळबळून घेतला. मी त्यांना काम करताना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. कुंचला रंगात अर्धाच बुडवायचा, कागदाच्या कडेवर टेकवून जास्तीचा काढायचा, बॉनेटच्या मागच्या टोकाला टेकवायचा आणि पुढच्या टोकापर्यंत एकाच ओढीत आणायचा. पुढची ओढ तिला चिकटून. कुठे जरा कमी लागले असे मला दिसत होते. त्यांनाही दिसत असणार. पण हात मागे गेला नाही.

"तिथं राहिलं," मी न राहवून म्हणालो.

"राहू द्या. ओल्यावर परत गेलं का रेघ पडते. थे दुसऱ्या हातात भरते." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तिफन तासात परत फिरवतेत का?"

त्या उन्हात एकेक हात दहा मिनिटांत वाळत होता. वाळला की नाही हे त्या बोटाच्या मागच्या बाजूने पाहत. गार लागले तर अजून ओल आहे. दोन हात झाले, तीन झाले. गंगूबाईंनी वांगी पुसणे सोडले होते. चौथा हात वाळल्यावर वच्छलाबाईंनी दोन्ही ट्रॅक्टर दाराच्या उंबऱ्यावर ठेवले आणि आम्ही तिघेही त्यांच्याकडे तिरक्या उजेडात वाकून पाहू लागलो. म्हणजे मी आणि गंगूबाई वाकलो. वच्छलाबाई खुर्चीवरूनच मान काढून पाहत होत्या.

बोअरच्या पाण्याचा ट्रॅक्टर कडेकडेने पांढरा व्हायला लागला होता. दुसरा निळा होता. नुसता निळा. रेघ नाही, डाग नाही, कुंचला कुठून कुठे गेला ते सांगता येणार नाही असा.

"माय वो," गंगूबाई म्हणाल्या.

वच्छलाबाईंनी पदराने तोंड पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

मी म्हणालो, "माझी चूक झाली, वच्छलाबाई."

"तुमची कायची चूक? पट्टे होते न? होते. तुमी पट्टे लिवले. खोटं कोठं लिवलं?"

इथे मला गप्प राहता आले असते. साठा-वही अकोल्याला होती, त्यांनी ती कधी पाहिली नसती. पण त्यांनी मला नुकतेच खरे लिहिणारा म्हटले होते. मी सांगितले की वहीत मी आणखी एक ओळ लिहिली आहे. काय लिहिले आहे तेही सांगितले.

गंगूबाईंचा चेहरा बदलला. वच्छलाबाईंनी हातातला कुंचला ताटलीत ठेवला, टोक कशाला लागणार नाही असा.

"थे खोडा," त्या म्हणाल्या.

"खोडतो."

"आजच खोडा."

त्याच दिवशी संध्याकाळी घरी जाण्याआधी मी दुकानात गेलो आणि ती ओळ खोडली. वहीतले काही पुसायचे नसते. आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी तारखेसह सही. तसे केले. मनोजने विचारले, काय झाले? मी त्याच्यापुढे ट्रॅक्टर धरला आणि म्हणालो, "चाट." त्याला वाटले मामाला ऊन लागले.

छत्तीस कोरे नग गावीच राहिले. बिघडलेले चोवीसही मी तिथेच ठेवले होते; मनोजला चाटवायला आणलेला तेवढा एक दुसऱ्या दिवशी गंगूबाईंच्या हाती परत पाठवला. वच्छलाबाईंनी ते ओल्या धुडक्याने पुसले, बारीक पॉलिश पेपर अलगद फिरवला आणि गोड्या पाण्यात कालवून दोन हात दिले. एकोणतीस मेला साठच्या साठ नग दुकानात आले. मनोजने प्रत्येक ट्यूबलाइटखाली धरून पाहिला. साठावा खाली ठेवून म्हणाला, "मामा, काकूंना सांगा, अकोल्याला यायची गरज नाही." फोन मीच लावला. पलीकडे वच्छलाबाई "बरं" एवढेच म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवायला विसरून गोवर्धनभाऊंना हाक मारलेली मला ऐकू आली. त्या हाकेत काय होते ते मी लिहू शकणार नाही, पण ती ऐकायला मिळाली याबद्दल मी आजही स्वतःला नशीबवान समजतो.

जूनपासून सोमवारी मी दुकानातल्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन इतवाऱ्यात गंगूबाईंकडे पोचवू लागलो. वच्छलाबाईंना आधी ते रुचले नाही. "पानी अकोल्यावरून आनलं तं गावातले हासतीन." गंगूबाईंनी मात्र कॅन लगेच ताब्यात घेतला. दोन महिन्यांनी कळले की रंगाला त्यातले अर्धा लिटर लागते, आणि बाकीच्या साडेचार लिटरात गंगूबाईंची तुरीची डाळ शिजते.

"टॅक्टरच्या पान्यात दान्याले दाना राहत नाई," त्यांनी मला भर बाजारात सांगितले. "तुमी आनत जा, साहेब. तिचं नाव राहू द्या."

हिवाळ्यात मी वच्छलाबाईंना विचारले की मला शिकवाल का. निवृत्तीनंतर हातांना काय काम देणार, हा विचार मला बरेच दिवस सतावत होता. त्या हसल्या नाहीत. एक बिघडलेली बैलजोडी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बसा." तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार मी त्यांच्याकडे जातो. पहिल्या चार महिन्यांत मी सात बैल खराब केले. माझा दोष त्यांना पहिल्याच दिवशी कळला होता. मी मागे जातो. राहिलेली जागा दिसली की मला भरल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तिथे रेघ उमटते. "तुमी हिशेबातले मानूस," त्या म्हणाल्या. "तुमाले राहिलेलं पाहवत नाई." रंग किती पातळ असावा, कुंचला कधी धुवावा, उन्हाळ्यात कूलरच्या झोताबाहेर कसे बसावे, पहिला हात लांबीत आणि दुसरा आडवा का द्यावा, हे सगळे त्यांनी शिकवले आणि मी टिपूनही घेतले. पण ओला रंग तसाच सोडून दहा मिनिटे गप्प बसणे मला या वर्षीच साधले. माझा पहिला गुळगुळीत बैल या पोळ्याच्या आसपास झाला. त्यांनी तो दारात धरून फिरवून पाहिला आणि शिंगाजवळ बोट ठेवले. "इथं थोडं. बाकी बरा आहे." 'बरा' हा शब्द त्यांच्या तोंडून मनोजनेही फारसा ऐकलेला नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी बडनेरा स्टेशनवर त्या मला भेटल्या. काठी होतीच, पण पाय बराच मोकळा पडत होता. हातात पिशवी, पिशवीत वांगी, मेथी आणि वर्षालीच्या मुलासाठी एक लाल ट्रॅक्टर. आम्ही एकाच डब्यात बसलो. बोरगाव मंजूपर्यंत त्या गंगूबाईंच्या तक्रारी सांगत होत्या आणि मला सगळ्या ऐकाव्याशा वाटत होत्या.

अकोल्याला उतरून दोघांनी मिळून जठारपेठेची रिक्षा केली. वर्षाली दारातच उभी होती.

"किती दिवस, आई?"

"चार दिस. बुधवारी जाईन. खोकं द्याचं आहे न."

वर्षालीने पिशवी घेतली. "आज भरीत करू. पोटभर जेवशील ना?"

"जेवीन न. पाहुनी म्हनून आली आहो. पाहुनीनं काय उपाशी राहावं?"

रिक्षाचे ऐंशी रुपये झाले. माझ्याजवळ पाचशेची एकच नोट होती आणि रिक्षावाल्याकडे सुटे नव्हते. वच्छलाबाईंनी कमरेच्या बटव्यातून ऐंशी काढून दिले. माझ्या वाट्याचे चाळीस रुपये त्यांना देणे बाकी आहे.